मधली दहा वर्षं

श्रोतेहो, आज मी तुमच्याशी कुस्तीबद्दल बोलणार आहे. कवितेचा माणूस कुस्तीवर काय बोलणार, असं कुणाला वाटेल. पण जत्रेतली कुस्ती न बघता मोठा झालेला माणूस आमच्या नांदेड-लातूरकडे शोधूनच काढावा लागेल. शिवाय मला या खेळाच्या भाषेचंही अप्रूप आहे. पैलवान, कुस्ती, खुराक हे शब्द फारसीतून आले. इनाम अरबीतून आला. वस्ताद म्हणजे आपला उस्ताद. आणि ज्या जागेत पैलवान घडतो तिला आपण तालीम म्हणतो. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण. आमच्या घरी शिकल्यासवरल्या माणसाला 'तालीमयाफ्ता' म्हणायचे. मराठीनं हा शब्द घेतला, त्याला लाल माती लावली आणि त्याच्या भिंतीवर मारुतीची तसबीर टांगली. त्या तसबिरीखाली घाम गाळणाऱ्यांत १९८० सालचे महाराष्ट्र केसरी इस्माईल शेखही होते आणि २०१८ सालचा बाला रफिक शेखही.

तालीम म्हणजे शिक्षण, हे ध्यानात ठेवून पुढचं ऐका. मला सांगायचंय ते पैलवानाच्या शिक्षणाविषयीच. पोरगा मातीत उतरतो दहाव्या-बाराव्या वर्षी. त्याचं नाव देशाला कळतं, कळलंच तर, पंचविशीनंतर. मधे दहा-बारा वर्षं जातात. या मधल्या वर्षांत त्याला कोण सांभाळतं, यावर सगळं ठरतं.

माझे अब्बा जिनिंग फॅक्टरीत कामाला होते. वर्षातून एकदा ते मला माळेगावच्या यात्रेला न्यायचे. लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा. घोडे, उंट, तमाशाच्या राहुट्या, सगळं होतं. पण अब्बांचे पाय वळायचे ते कुस्तीच्या फडाकडे. आधी लहान पोरांच्या कुस्त्या. पंच दोन पोरांचे हात धरून, खांद्याला खांदा लावून जोड बघायचे. जिंकणाऱ्याला रेवड्या. मग जरा मोठ्या पोरांची नारळावरची कुस्ती. मग पाच रुपये, अकरा रुपये, एकावन्न रुपये असं इनाम चढत जायचं. हलगीची लय वाढत जायची. ऊन कलल्यावर शेवटची कुस्ती लागायची, दोन नामी पैलवानांची. ती संपली की लोक फेटे उडवायचे.

मी एकदा अब्बांना विचारलं होतं, "रेवडीवाला पोरगा शेवटच्या कुस्तीपर्यंत कधी जातो?" अब्बा म्हणाले, "बेटा, दुपार लई मोठी असते." पुढे कुस्तीविषयी जे काही वाचलं-ऐकलं, ते या एका वाक्यात बसतं असं मला वाटत आलं आहे.

ही दुपार पार केलेल्या एका पैलवानाची हकिगत सांगतो. पण त्याच्याआधी त्याच्या वस्तादांची सांगायला हवी.

लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यात रामलिंग मुदगड नावाचं गाव आहे. हरिश्चंद्र बिराजदार तिथले. अंगात रग होती, गावात माती होती, पण मोठा पैलवान व्हायचं तर कोल्हापूर गाठावं लागे. त्यांनी ते गाठलं. १९६९ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा नेमकी लातूरला भरली आणि आपल्याच जिल्ह्याच्या मातीत बिराजदारांनी ती जिंकली. पुढच्याच वर्षी, १९७० साली, स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तिथं त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. १९७२ साली ते रुस्तम-ए-हिंद झाले. रुस्तम हा फिरदौसीच्या शाहनाम्यातला महावीर. त्या इराणी वीराचं नाव निलंग्याच्या शेतकऱ्याच्या पोराला चिकटलं आणि कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. आमच्या मोहल्ल्यात बिराजदारांचं नाव निघालं की म्हातारी माणसं आपसूक ताठ बसायची.

सत्तरच्या दशकातच बेळगावच्या मैदानात बिराजदारांची दिल्लीच्या सतपालशी कुस्ती झाली. सतपाल हे तेव्हाचं उत्तरेतलं दांडगं नाव. पुढे १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतलं. बेळगावला मात्र बिराजदारांनी त्यांना हरवलं. त्या कुस्तीच्या गोष्टी लोक पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले. हे दोघे लक्षात ठेवा. दोघेही नंतर वस्ताद झाले. सतपालांचे पठ्ठे दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर घडू लागले. बिराजदार पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवू लागले. मैदानातली कुस्ती संपली, शागिर्दांची सुरू झाली.

बिराजदारांच्या हाताखाली आलेल्या पोरांत लातूर जिल्ह्याचे काका पवार होते. त्यांनी ग्रीको-रोमन कुस्ती धरली. या प्रकारात कमरेखाली हात घालायची मुभा नसते. सगळा जोर छातीचा आणि दंडांचा. गावच्या मातीत वाढलेल्या पोराला हे उलटंच शिक्षण. तरी काका पवार त्यात देशभर गाजले आणि १९९८ च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले. मग त्यांनीही पुण्यात कात्रजकडे कुस्ती संकुल उभारलं. वस्तादांचा शागीर्द स्वतः वस्ताद झाला.

आणि याच तालमीत आला बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. पाटोदा हा डोंगराळ, कोरडवाहू, ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचा मुलूख. राहुलचे वडील बाळासाहेब आवारे स्वतः पैलवान. पहिले डाव घरातच मिळाले. पण वडिलांना एक गोष्ट कळली होती, की पोराला आपल्याजवळ ठेवलं तर तो जत्रेपुरता पैलवान होईल. लेकराला लांब पाठवायला कुठल्या आईबापाला बरं वाटतं? त्यांनी पाठवलं. बिराजदारांच्या हातात दिलं.

२००८ साली पुण्यात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. राहुल तेव्हा सतरा वर्षांचाही नव्हता. त्यानं सुवर्णपदक जिंकलं. २००९ साली जागतिक ज्युनिअर स्पर्धेत रौप्यपदक. २०११ साली तर मोठ्यांच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक. वय एकोणीस. या घडीला कुणीही म्हणालं असतं, पोरगा आता ऑलिंपिकला जाणार.

श्रोतेहो, इथून खरी दुपार सुरू होते.

त्याच वर्षी, २०११ च्या सप्टेंबरात, हरिश्चंद्र बिराजदार गेले. पैलवानाचा वस्ताद जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला चटकन कळणार नाही. पहाटे उठवणारा, ताटात किती वाढायचं ते सांगणारा, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून 'आज माती नको' म्हणणारा माणूस जातो. राहुलच्या नशिबानं मागे काका पवार होते. थोरल्या गुरुभावानं धाकट्याला पंखाखाली घेतलं. ही साखळी तिथं तुटली असती तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला वाटतं.

आता लहानपणचा विजेता मोठेपणी का हरवतो, हेही समजून घेऊ. लहान गटात आपल्या वयाच्या पोरांशी गाठ असते. एकवीस वर्षांचा झाला की एकदम पंचवीस-तीस वर्षांच्या, हाडं मुरलेल्या माणसांशी पडते. या फटीवर पूल हवा म्हणून तेवीस वर्षांखालच्यांची वेगळी जागतिक स्पर्धा सुरू झाली, पण ती २०१७ साली. राहुल तेव्हा पंचविशी ओलांडून गेला होता. त्याला ही फट उडी मारूनच पार करावी लागली.

त्यात नियम बदलले. आधी दोन-दोन मिनिटांचे डाव असत आणि तीनपैकी दोन जिंकले की कुस्ती जिंकली. २०१३ पासून तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि सगळ्या गुणांची बेरीज सुरू झाली. म्हणजे दमसास वेगळा, डोकं वेगळं. २०१४ पासून वजनगटही बदलले. पंचावन्न किलोचा गट जाऊन सत्तावन्नचा आला. बारा-पंधरा वर्षं घोटलेलं अंग पुन्हा नव्यानं घडवायचं.

आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे ऑलिंपिकचं दार. एका वजनगटात एका देशाचा एकच पैलवान जातो. देशात त्या वजनाचे कितीही वाघ असोत, जागा एक. २०१२ च्या लंडनला या हलक्या गटात अमित कुमार गेला. तो राहुलपेक्षा लहान, अवघा अठरा वर्षांचा. २०१६ च्या रिओला संदीप तोमर गेला. टोकिओला रवी दहिया गेला आणि रौप्यपदक घेऊन आला. पुढे पॅरिसला २०२४ साली अमन सहरावत गेला, त्यानं कांस्यपदक आणलं. यातले अमित, रवी आणि अमन हे तिघे कुठले? छत्रसाल स्टेडियमचे. म्हणजे सतपालांच्या घराण्याचे. बेळगावला लागलेली ती जोड अशी पुढल्या पिढीत खेळली जात होती, आणि या वेळी दिल्लीचं पारडं जड होतं.

यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. ती पोरं गुणी होती, पदकं सांगतात. मी फक्त एवढंच म्हणतो, की पाटोद्याच्या पोराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. चार-चार वर्षांनी एकच दार उघडतं आणि दर वेळी आत दुसराच जातो. गावाकडे लोक विचारतात, "काय रे, अजून कुस्तीच का?" बरोबरचे नोकरीला लागलेले असतात, त्यांची लग्नं झालेली असतात. रोज पहाटे उठून दोर चढायचा, हजार बैठका मारायच्या, आणि कशासाठी ते सांगता येत नाही. कवितेतही असे दिवस येतात, पण कवीला दूध-बदामाचा खर्च नसतो.

२०१८ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. सत्तावन्न किलो. राहुल सव्वीस वर्षांचा. उपांत्य फेरीत पाकिस्तानचा मोहम्मद बिलाल, बारा-आठ. अंतिम कुस्ती कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीशी. कुस्ती सुरू असताना राहुलला दुखापत झाली. तो मॅटवर पडला, उपचार घेतले, पुन्हा उभा राहिला. पंधरा विरुद्ध सात गुणांनी जिंकला. एडिंबरोला बिराजदारांनी जे पदक जिंकलं होतं, ते अठ्ठेचाळीस वर्षांनी त्यांच्या शागिर्दाच्या गळ्यात आलं. राहुलनं ते वस्तादांनाच वाहिलं. ते बघायला वस्ताद नव्हते.

युवा सुवर्ण २००८ चं आणि हे २०१८ चं. बरोबर दहा वर्षं.

पुढच्या वर्षी, २०१९ साली, कझाकस्तानातल्या जागतिक स्पर्धेत त्यानं एकसष्ट किलो गटात अमेरिकेच्या टायलर ग्राफला अकरा-चारनं हरवून कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेत भारताला पाच पदकं मिळाली, त्यातलं एक मराठवाड्याचं. पण एकसष्ट किलो हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. दार पुन्हा बंदच. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. त्यानंतर महाराष्ट्राच्या कुस्तीला ऑलिंपिकचं पदक मिळालेलं नाही. राहुलला राज्य सरकारनं पोलीस उपअधीक्षक केलं, २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. ऑलिंपिकचं पदक त्याच्याकडे नाही. तरीही हा गडी रेवडीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत गेला, असंच मी म्हणेन.

पण सगळेच जात नाहीत. आता त्यांच्याबद्दल.

आमच्या गल्लीत एक पोरगा आहे. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. बाप मोंढ्यात हमाल. पोरगा शाळेच्या स्पर्धेत राज्यापर्यंत खेळला. तेराव्या वर्षी बापानं त्याला पुण्याला तालमीत ठेवला. जाताना मोहल्ल्यातल्या लोकांनी वर्गणी काढून त्याला दोन डबे तूप घेऊन दिलं होतं. त्यात हिंदू-मुसलमान सगळ्यांचे पैसे होते. एकविसाव्या वर्षी तो परत आला. कान मोडलेले, मान बैलासारखी, आणि हातात काही नाही. आता मालवाहू टेम्पो चालवतो. एकदा मी त्याला विचारलं, "का रे सोडलंस?" तो म्हणाला, "चाचा, घरच्यांना खुराक झेपंना. बारका होतो तोवर थोडक्यात भागायचं. अंग वाढलं तसा खर्च वाढला. अण्णानं दोनदा कर्ज काढलं. तिसऱ्यांदा मीच नको म्हणलं." मग जरा थांबून म्हणाला, "गुडघा दुखावला असता तर सांगायला बरं पडलं असतं."

श्रोतेहो, हा पोरगा कमी पडला नाही. त्याच्या बापाचं वर्ष कमी पडलं. पैलवानाचं अंग ज्या वयात सगळ्यांत जास्त मागतं, त्याच वयात त्याच्याकडे बक्षिसं नसतात आणि नोकरीही नसते. लहान असताना कौतुक असतं, मोठा झाल्यावर मानधन असतं. मधे फक्त घर असतं. आणि मराठवाड्यातलं घर पावसावर चालतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. ज्या वर्षी माणसालाच पाणी नाही, त्या वर्षी म्हैस कोण ठेवणार आणि पोराला दूध कुठून देणार?

इथं मला लातूरचीच दुसरी गोष्ट आठवते. बारावीच्या आणि डॉक्टर-इंजिनिअरच्या परीक्षांसाठी 'लातूर पॅटर्न' साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. कुठकुठल्या जिल्ह्यांतून मुलं लातूरला येऊन राहतात. त्यांच्यासाठी वसतिगृहं आहेत, खानावळी आहेत, अभ्यासिका आहेत, पुन्हा पुन्हा सराव घेणारे मास्तर आहेत. एका शहरानं ठरवलं की पोराची ही दोन वर्षं वाया जाऊ द्यायची नाहीत, आणि ते करून दाखवलं. त्याच लातूरचा पैलवान मात्र पुण्या-कोल्हापूरची गाडी धरतो. डॉक्टर व्हायला लोक लातूरला येतात आणि पैलवान व्हायला लातुरातून जातात. हा उलटा प्रवास थांबवता येणार नाही का? बिराजदार, काका पवार या मातीतले. शिकवायची विद्या आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू शकणार नाही.

काय हवं ते पैलवान मंडळी नेमकं सांगतात. तालुक्याला एक चांगली मॅट, कारण जगातली कुस्ती आता मॅटवर होते आणि आपली पोरं मातीतून एकदम तिथं जाऊन घसरतात. मॅटजवळ पगारी वस्ताद, नुसता मानाचा नव्हे. शाळा सुटू नये अशी वेळ. आणि सतरा ते पंचवीस या वयातल्या निवडक पोरांना महिन्याचा खुराक, न चुकता, पदक मिळो न मिळो. जत्रेच्या शेवटच्या कुस्तीवर आपण लाखाचं इनाम लावतो. ते जरूर लावावं. पण त्यातला थोडा हिस्सा यात्रा कमिटीनं गावातल्या एका विशीतल्या पैलवानाच्या दुधासाठी बाजूला काढला, तर कुणाच्या हौसेला उणेपणा येणार नाही.

नाहीतर आपण फक्त शेवटच बघत राहतो. ७ जानेवारी २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. एकीकडे नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसरीकडे आपल्या लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे शागीर्द, एकाच तालमीत घाम गाळलेले. कुस्ती तीन-दोन अशी, अगदी एका गुणानं सुटली. सदगीर जिंकला. जिंकल्याबरोबर त्यानं काय केलं? हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं आणि मैदानात फिरवलं. ते चित्र सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. मला वाटतं, ते केवळ मोठं मन नव्हतं. त्या दुपारचे चटके दोघांनी बरोबर सोसले होते. समोरचा इथवर कसा आला, हे सदगीरला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

आमच्या गल्लीतला तो टेम्पोवाला पोरगाही रिकामा बसलेला नाही. संध्याकाळी गाडी लावली की तो नदीकडच्या मोकळ्या जागेत सात-आठ पोरांना घेऊन बसतो. फावड्यानं माती हलवतो, पाणी शिंपडतो, डाव शिकवतो. फी घेत नाही. पोरं त्याला वस्ताद म्हणतात तेव्हा तो लाजतो. त्यातलं एक पोर बरंच चपळ आहे, असं तो मला परवा सांगत होता. वय दहा. म्हणजे अजून रेवड्यांचीच कुस्ती.

येत्या यात्रेत तुम्ही फडावर जाल तेव्हा शेवटच्या कुस्तीची वाट बघताना जरा या लहान पोरांकडेही बघा. जिंकलेल्या पोराला रेवड्या द्याच. पण तो कुणाचा, कुठल्या तालमीचा, आणि मोठा होईतो त्याला कोण सांभाळणार आहे, एवढं मात्र विचारून घ्या.